प्रस्तावनेची दोन पानं

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या की आमच्या भागात अर्थशास्त्राच्या तीन परिषदा आहेत. एक मुक्त बाजारपेठेवर, दुसरी मध्यवर्ती बँकेच्या धोरणावर आणि तिसरी दोन्हींना एकाच मांडवात बसवणारी. ही बातमी अजून कुठल्या पेपरात आलेली नाही. मला ठाऊक आहे, कारण तिन्ही परिषदांची पत्रकं माझ्याच दुकानात तयार झाली. मी दहावीला गणितात दोनदा आपटलेला माणूस. तरी रेपो दर वाढला की उतरला हे हिंगोलीत माझ्याआधी फार थोड्यांना कळतं, आणि ह्याचा मला गर्व आहे. खोटं कशाला बोलू?

माझं नाव रशीद. वडील भांड्यांना कलई करायचे. शिवरात्रीला औंढ्याच्या यात्रेत भट्टी लावायचे आणि महिन्याभराची कमाई आठ दिवसांत करून यायचे. मला धुराचा त्रास, म्हणून त्यांनी मला टायपिंगच्या क्लासला घातलं. कोर्टासमोर छत्रीखाली बसून अर्ज बडवण्यापासून सुरुवात केली, मग खोली घेतली, मग कॉम्प्युटर आला. घरी आमची दखनी, रस्त्यावर खिचडी आणि दुकानात मात्र असली शुद्ध मराठी की ऐकणाऱ्यानं पागोटं सावरावं. 'तद्वतच', 'अनुषंगाने', 'अनन्यसाधारण' हे शब्द मी तोंडानं कधी बोललो नाही, पण बोटांनी लाखदा बोललो असेन.

अर्थशास्त्राकडे कसा वळलो, तर एका प्राध्यापकांचा जाडजूड प्रबंध आला होता. पान-पान आकड्यांचे तक्ते. दुसऱ्या दोन दुकानांनी हात जोडले होते. मी बसलो आणि एकही आकडा न चुकवता काढून दिला. बस, नाव झालं. 'तक्ते असतील तर रशीदभाईकडं जा.' तेव्हापासून आसपासच्या चार जिल्ह्यांतलं अर्थशास्त्र माझ्या दुकानाच्या पायऱ्या चढतं.

बाहेरच्या माणसाला हे काम सांगायला हवं. कॉलेजात शिकवणाऱ्याला परिषदेत जाऊन शोधनिबंध वाचावा लागतो. आठ-दहा पानं. वर गोषवारा, मग प्रस्तावना, मग विषय, मग निष्कर्ष, शेवटी संदर्भांची यादी. निबंध पाठवायची एक शेवटची तारीख असते आणि ती तारीख म्हणजे आमचा सणाचा हंगाम. त्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नसते. सगळे एकमेकांना 'सर, सर' म्हणत असतात आणि मी सगळ्यांना 'थांबा सर' म्हणत असतो.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एक सर आधी निष्कर्ष सांगायचे आणि मग म्हणायचे, "आता ह्याला शोभेल असं वरचं बघू." दुसरे एक खुर्चीत बसल्या बसल्या विचारायचे, "भाई, सध्या बाजाराच्या बाजूनं लिहून राहिले का विरोधात?" जणू मी हवामानखातं आहे. एक पोरगं मध्यवर्ती बँकेच्या पतधोरणावर निबंध घेऊन आलं. आत बघतो तर सगळे आकडे आपल्या जिल्हा मध्यवर्ती बँकेच्या शाखेतले. मी म्हटलं, "बेटा, ही ती न्हाई. ती वेगळी." त्याचा चेहरा उतरला. शेवटी मथळा बदलून त्यानं परिषदेत निबंध वाचला. टाळ्याही पडल्या म्हणे.

पण हसण्यावारी नेऊ नका. बोटांखालून गेलेलं थोडंफार डोक्यात उरतंच, आणि जे उरलं त्यानं मी आजही थक्क होतो. तिकडे दूर मध्यवर्ती बँकेच्या एका खोलीत पाच-सहा माणसं बसतात. टेबलावर ना तराजू, ना माल. बाहेर येऊन एकजण माईकसमोर कागदावरची चार वाक्यं वाचतो. आणि इकडे वारंगा फाट्यावर टायरवाल्याच्या दुकानासमोर उभ्या असलेल्या ट्रकचा हप्ता बदलतो! मी हे एका ट्रकवाल्याला समजावून सांगितलं. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चाचा, पण त्या मानसाला माझा पत्ता कोन देल्ला?" आजपर्यंत एवढा चांगला प्रश्न मी एकाही परिषदेच्या पुस्तकात वाचला नाही.

आमच्या धंद्याचा एक कायदा आहे. जे बोटांखालून गेलं ते ओठांवर आणायचं नाही. वकील, डॉक्टर आणि टायपिंगवाला, तिघांनी पोटात ठेवायचं. कुणाचं कुणाशी किती मिळतं, कुणाच्या निबंधात कुणाचं पान आहे, सगळं मला दिसतं. मी चष्मा पुसतो आणि पुढं टाईप करतो.

आणि आता जे सांगायचं ते सांगतो. माझ्या कॉम्प्युटरात 'प्रस्तावना-एक' नावाची फाईल होती.

झालं असं की बऱ्याच वर्षांपूर्वी एक सर शेवटच्या तारखेला आले. विषय लिहिलेला, प्रस्तावना नाही. म्हणाले, "भाई, तुमच्या डोळ्यांखालून एवढ्या गेल्या, तुम्हीच टाका दोन पानं." मी टाकली. इथला एक शब्द, तिथलं एक वाक्य, बाकी माझं. "आजच्या जागतिकीकरणाच्या युगात मुक्त बाजार व्यवस्थेस अनन्यसाधारण महत्त्व प्राप्त झाले असून..." अशी सुरुवात. सरांना इतकी आवडली की त्यांनी मित्राला सांगितलं. मग जो तो म्हणू लागला, "भाई, प्रस्तावना तुमचीच टाका." मी टाकत गेलो. नोटाबंदीच्या साली तिच्यात रोकडविरहित व्यवहार घातले. महामारीच्या साली बदललेली परिस्थिती घातली. शेवटी निष्कर्षाचा एक परिच्छेदही त्याच फाईलला जोडून टाकला. ही वाईट गोष्ट आहे असं मला कधी वाटलं नाही. वाटायचं, दावतीला गेल्यावर सगळे एकाच लोट्यानं हात धुतात, त्यात काय चोरी? उलट मनातून फुगायचो. दहावी नापास माणसाची दोन पानं विद्वानांच्या सभेत वाचली जातात!

ह्यात वर्षानुवर्षं कुणी पकडलं गेलं नाही त्याचं कारण फाँट. पूर्वीच्या फाँटात मजकूर तुम्हा-आम्हाला मराठी दिसायचा, पण मशीनला तो इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसायचा. त्यामुळे नक्कल शोधणाऱ्या मशीनला त्यातलं काही वाचता येत नसे. आता नवा फाँट आला, जो मशीनलाही वाचता येतो. जुने निबंधही लोकांनी त्यात बदलून इंटरनेटवर टाकले. मीही माझ्या सगळ्या फाईली बदलून घेतल्या, 'प्रस्तावना-एक'सकट. मशीनला डोळे फुटले होते आणि मला पत्ता नव्हता.

ह्या उन्हाळ्यात मंगल आली. पुसेगावच्या बाजूच्या एका खेड्यातली पोरगी. घरी शेळ्या-मेंढ्या, थोडी शेती. ती एका कॉलेजात तासिकेवर अर्थशास्त्र शिकवते, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढाच पगार, आणि पुढच्या वर्षी तास मिळतील की नाही ते प्राचार्यांच्या मनावर. हातात शाळेची दोनशे पानी वही, निळ्या शाईनं भरलेली.

"चाचा, दिवाळीनंतरच्या परिषदेला पाठवायचंय. बाजार अन् मध्यवर्ती बँक, दोन्हीचं हाय."

"तक्ते किती?"

"एक बी न्हाई."

मी मनात म्हटलं, झालं, हिचं काही खरं नाही. तक्त्याशिवाय अर्थशास्त्र म्हणजे कलईशिवाय पितळ. वही उघडली. पहिली ओळ होती, "माझे वडील बाजारात भाव बोलत नाहीत."

पुढं वाचत टाईप करत गेलो, आणि काय सांगू, दुसऱ्या पानावर माझी बोटं थांबली. चाळीस वर्षांत टाईप करताना बोटं थांबली नव्हती. मी नुसता वाचत बसलो.

तिनं लिहिलं होतं शेळ्यांच्या आठवडी बाजाराबद्दल. तिथं घेणारा आणि विकणारा उपरण्याखाली हातात हात घेतात आणि बोटं दाबून भाव करतात. तोंडानं चकार शब्द नाही. शेजारी उभा असलेल्यालाही आकडा कळत नाही. हे आपण सगळ्यांनीच पाहिलंय, मीही लहानपणापासून. पण मंगलनं विचारलं होतं की भाव जर झाकलेला आहे, तर दुपारपर्यंत सगळ्या बाजारात एकच भाव कसा होतो? कोण सांगतं? ती दोन वर्षं दर आठवड्याला वडिलांच्या मागं बसून हेच बघत होती. तिला दिसलं की लोक हात बघतच नाहीत. सौदा मोडून जो निघतो त्याची चाल बघतात. तो किती झपाट्यानं गेला, चार पावलांवर थबकला का, मागं वळला का. त्यावरून आकडा काढतात आणि तो बराबर निघतो.

मग तिनं बाजारातल्या एका म्हाताऱ्या दलालाबद्दल लिहिलं होतं. सकाळचा पहिला सौदा त्याचा. तो हात बाहेर काढून उपरणं झटकेपर्यंत बाकीचे चहा पीत बसतात. त्याला कुणी नेमलेलं नाही, त्याच्याकडं शिक्का नाही, तो कुणाला दंड करू शकत नाही. पण त्याचा चेहरा बघितला की आज बाजार चढा की उतरा ते कळतं. एकदा त्यानं मेव्हण्याच्या शेळ्या विकायच्या म्हणून चेहऱ्यावर खोटं समाधान आणलं. ते उघडं पडलं. त्यानंतर कितीतरी आठवडे त्याच्याकडं कुणी बघेना. आणि काय झालं? शेळ्या त्याच, माणसं तीच, पाऊसपाणी तेच, पण एकेक सौद्याला दुप्पट वेळ लागू लागला. एकाच तोलाची दोन बकरी दोन टोकांच्या भावांनी जाऊ लागली. माणसं माल न विकता घरी नेऊ लागली. मग तिनं लिहिलं होतं, मध्यवर्ती बँकेचंही असंच आहे. तिच्या हातात व्याजाचा दर आहे असं पुस्तक म्हणतं, पण दरापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे लोक तिच्या बोलण्याकडं बघतात ही. एकदा का लोकांनी बघायचं सोडलं, की दर कितीही हलवा.

मी खुर्चीला टेकून बसलो. एवढी वर्षं मी 'विश्वासार्हता' हा शब्द टाईप केला होता, जोडाक्षर न चुकवता. त्याचा अर्थ मला त्या दुपारी एका धनगराच्या लेकीनं सांगितला. खुदा कसम.

एवढं सगळं कळून मी काय केलं? हेच तर माझं करंटेपण.

शेवटच्या तारखेला मंगल गावात अडकली. तिच्या आईला ताप, गावात फोनला रेंज नाही. शेताच्या बांधावर चढून तिनं फोन केला, "चाचा, तुमी बघून पाठवून द्या. माझा तुमच्यावर भरवसा हाय." मी निबंध उघडला. आणि मला एकदम पोरीची काळजी वाटू लागली. मोठमोठे लोक येणार, बाहेरून मध्यवर्ती बँकेचा अभ्यास केलेल्या एक बाई येणार, आणि हिचा निबंध सुरू होतो 'माझे वडील' म्हणून? हसतील. हिला काढून टाकतील. लेकीला दावतीला पाठवताना आपण चांगला दुपट्टा अंगावर टाकतो, तसा मी पुढं 'प्रस्तावना-एक' लावली, मागं निष्कर्ष जोडला आणि पाठवून दिला. तिला विचारलं नाही, सांगितलंही नाही. म्हटलं, निवड झाली की सांगू, खूश होईल.

पंधरा दिवसांनी मंगल दुकानात आली. चप्पल न काढताच आत आली. फोन माझ्यासमोर धरला.

"चाचा, मी कुनाचं चोरलं?"

छाननी समितीचं पत्र होतं. निबंधाचा मोठा भाग आधी छापलेल्या लेखांशी शब्दश: जुळतो, सबब निबंध नाकारण्यात येत आहे, तसंच ह्याची सूचना आपल्या प्राचार्यांना देण्यात येत आहे. मला वाचता वाचताच सगळं कळलं.

"माझे तास जातेन चाचा. ते बी जाऊ द्या. प्राचार्यांनी बाला बोलावलंय उद्या. बाला काय सांगू? त्यो जल्मात कुनाच्या कळपातलं कोकरू आपल्यात येऊ देत न्हाई."

त्याक्षणी सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "मशीनची चूक असंल. बघू आपन." ती डोळे पुसत गेली. मी दुकान बंद करून घरी गेलो. हे लिहितानाही लाज वाटते, पण त्या दिवशी मी जेवायलाही बसलो.

बायकोनं तोंडाकडे बघून ओळखलं. सगळं काढून घेतलं. मग माझ्यापुढची ताटली उचलली आणि म्हणाली, "बच्ची का नाम खराब होरा, और तुम रोटी खाते बैठे? उठो."

उठलो. मंगलला फोन लावला आणि सांगून टाकलं. ती म्हणाली, "तुमी माझं वाचलं न्हाई का, चाचा?"

"वाचलं. सगळं वाचलं. दोनदा वाचलं."

"मग काहून केलं?"

तिनं फोन ठेवला.

सकाळी पहिल्या गाडीनं निघालो. ज्या कॉलेजात परिषद, ते शेजारच्या जिल्ह्यात. पिशवीत मी एक गठ्ठा घेतला होता. गेल्या काही वर्षांत ज्या-ज्या निबंधांना माझी प्रस्तावना लावली त्यांच्या प्रती. वर नावंनिशी. त्यातलं एक नाव परिषदेच्या समन्वयकांचं होतं, म्हणजे ज्यांच्या सहीनं मंगलला पत्र गेलं त्यांचंच. तेही कधीकाळी शेवटच्या तारखेला माझ्या पायऱ्या चढले होते. मनात म्हटलं, नाही ऐकलं तर गठ्ठा टेबलावर टाकायचा. होऊन जाऊ दे.

वारंगा फाट्याला गाडी थांबली. चहा घेतला. गठ्ठा बाहेर काढून बघत बसलो. कुणाला ह्या निबंधावर बढती मिळालेली, कुणाचं लेकरू त्या पगारावर शिकतंय. ह्यांनी चोरी केली नव्हती, मी वाढलं म्हणून त्यांनी खाल्लं होतं. आणि आमचा तो कायदा. एका पोरीचं नाव मी घालवलंय, आता तिच्यासाठी गठ्ठ्यातल्या अकरा जणांचं घालवू? कंडक्टरनं बेल मारली. मी गठ्ठा पिशवीत तळाशी घातला, चेन लावली आणि गाडीत चढलो.

छाननी समिती बसली होती. समन्वयक सर, दोन प्राध्यापक आणि बाहेरून येणार होत्या त्या बाई, पांढऱ्या केसांच्या, सुती साडीतल्या. परिषदेची तयारी बघायला आधीच आल्या होत्या. समन्वयक सरांनी मला ओळखलं. "अरे रशीदभाई, पत्रकांचं काम होतं का काही?"

मी उभ्यानंच सांगितलं. पहिली दोन पानं आणि शेवटचा परिच्छेद मुलीचा नाही, माझा आहे. मी तिला न विचारता लावला. तिला शिक्षा देऊ नका, मला द्या.

त्यातले एक तरुण सर म्हणाले, "पण हा मजकूर आधीच प्रसिद्ध आहे. प्राध्यापकांच्या नावानं आहे. तुम्ही तर टायपिंगवाले. तुमचा कसा?"

"माझाच हाय साहेब."

"कशावरून?"

पिशवी माझ्या खांद्यावरच होती. समन्वयक सर माझ्याकडं बघत होते आणि त्यांच्या कपाळावर घाम मला दिसत होता. त्यांना कळलं होतं मी काय काढू शकतो ते.

मी पिशवीला हात लावला नाही. डोळे मिटले आणि म्हणायला लागलो. "आजच्या जागतिकीकरणाच्या युगात मुक्त बाजार व्यवस्थेस अनन्यसाधारण महत्त्व प्राप्त झाले असून..." दोन्ही पानं, स्वल्पविरामासकट. मध्येच थांबून सांगायचो, हे वाक्य नोटाबंदीच्या साली घातलं, त्याआधी इथं परकीय गुंतवणूक होती. हा शब्द महामारीत बदलला. दुसऱ्या पानाच्या शेवटाला आलो. "...तद्वतच भारतीय अर्थव्यवस्था ही..." एवढं म्हणून मला ठसका लागला.

आणि समोरून आवाज आला, "...सर्वसमावेशक विकासाच्या दिशेने दमदार वाटचाल करीत आहे."

समन्वयक सर. त्यांच्या तोंडून आपोआप निघून गेलं होतं.

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडं बघितलं. त्या माणसाला काहीही सांगता आलं असतं. आत्ताच छाननीत वाचलं म्हणून लक्षात राहिलं, असं म्हटलं असतं तर कोण विचारणार होतं? मी तर नाहीच बोललो असतो. पण ते उठून उभे राहिले, विद्यार्थी उभा राहतो तसे, आणि म्हणाले, "बाई, हे माझ्याही निबंधात आहे. ह्यांच्याच दुकानातून घेतलेलं. मुलीच्या पत्रावर सही करण्याआधी मी ते ओळखायला हवं होतं. ओळखलं होतं बहुतेक."

काय हिंमत लागते ह्याला! मी बंद दाराआड बायकोपुढं कबूल व्हायला अख्खा दिवस घेतला, आणि ह्या माणसानं आपल्या हाताखालच्या लोकांसमोर एका दमात सांगून टाकलं. ते तरुण सर टेबलाकडं बघत बसले. त्यांचं काय ते मी सांगणार नाही.

बाई एवढंच म्हणाल्या, "बरं. आता मुलीचं काय आहे ते बघू." पहिली दोन पानं काढून बाजूला ठेवली आणि तिसऱ्या पानापासून वाचायला लागल्या. थोडं वाचलं आणि उठून खिडकीपाशी उजेडाला गेल्या. चहा आला, तो गार झाला. म्हाताऱ्या दलालाचा भाग त्यांनी एकदा मनात वाचला, मग मोठ्यानं. संपल्यावर माझ्याकडं वळल्या.

"ही मुलगी किती वर्षांची आहे?"

"अठ्ठावीस-एकोणतीस असंल."

"मी आयुष्यभर हेच शिकवलं," त्या म्हणाल्या. "ज्यांनी दर ठरवले त्यांच्याशी वादही घातले. पण लोकांनी बघायचं सोडलं तर काय होतं, हे मला असं कधी दाखवता आलं नाही." एवढी मोठी बाई, आणि एका वहीतल्या मजकुरापुढं एवढी लहान होऊन उभी होती. विद्वत्ता म्हणतात ती मी त्या दिवशी पाहिली. एवढी वर्षं मी नुसती तिची जोडाक्षरं पाहत होतो.

त्यांनी तिथंच ठरवलं. निबंध स्वीकारला, दोन पानं आणि शेवटचा परिच्छेद वगळून. प्राचार्यांना समन्वयक सरांनी स्वत: फोन केला आणि वर माफीचं पत्रही लिहिलं. निघताना बाई म्हणाल्या, "तिला सांगा, उद्घाटनाचं माझं भाषण मी अर्ध्यावर आणते. उरलेला वेळ तिला. सगळ्यांसमोर."

परतीच्या गाडीत मी जागेवर बसू शकत नव्हतो. कंडक्टरला सांगावंसं वाटत होतं, शेजारच्याला सांगावंसं वाटत होतं. शेळ्यांच्या बाजारातली गोष्ट उद्घाटनाला! मध्यवर्ती बँकेच्या बाईंच्या बरोबरीनं!

मंगल चार दिवसांनी आली. वडिलांना घेऊन आली होती. ते आत आले नाहीत, पायरीवर बसले, फटफटीवरून आलेली धूळ झटकत. त्यांना प्राचार्यांनी काय सांगितलं, त्यांनी काय ऐकलं, मी विचारलं नाही. त्यांनी माझ्याकडं एकदाच पाहिलं. मी सलाम केला, त्यांनी मान हलवली.

मंगल बाकावर बसली. मी तिला उद्घाटनाचं सांगितलं. बाईंचं सगळं बोलणं शब्द न गाळता सांगितलं. वाटलं, आता हसेल.

ती म्हणाली, "न्हाई चाचा. मला नगं."

"अगं, काहून? असा मान कुनाला भेटते का?"

"सगळ्यायला किती मिनिटं हायेत?"

"पंधरा."

"मग मला पंधराच द्या म्हनाव. नंबर लागंल तवा वाचीन. आता एक मिनिट बी जास्तीचं घेतलं, तर लोक म्हनतेन पैले चोरलं अन् आता वशिल्यानं घेतलं. माझं मला बराबर पंधरा मिनिटाचं पायजे. त्यात कुनाचं काई नसावं."

पायरीवरून तिचे वडील खाली रस्त्याकडं बघत होते, पण मला दिसलं की त्यांचे कान आत होते. मी बाईंना तसं कळवलं. बाईंचं उलट टपाली उत्तर आलं की ठीक आहे, त्या तिच्या सत्रात समोर बसून ऐकतील.

हा दिवाळी अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा परिषद तोंडावर आलेली असेल. माझी जायची तयारी झाली आहे. बायकोनं नवा शर्ट शिवायला टाकला आहे. परवा मंगल शेवटची प्रत न्यायला आली होती. ओळन् ओळ तिनं स्वत: तपासली, मी शेजारी नुसता बसून होतो. जाता जाता मी भीत भीत विचारलं, "बेटा, मी येऊ ना ऐकायला?"

तिनं प्रत पिशवीत ठेवली. माझ्याकडं बघून हसली, पत्र आल्यापासून पहिल्यांदाच.

"या की चाचा. तुमी न्हाई तर कोन येनार? फक्त पार मागं बसा. पुढं बसलात, तर लोक म्हनतेन यानंच लिवून देल्लं."

मी मागंच बसणार आहे.